वर्णपट सर्वेक्षणे आणि बदलत्या आकाशाचा तत्काळ शोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशातील बहुतेक गोष्टी माणसाच्या आयुष्यभरात बदलल्याचे जाणवत नाही. ज्या बदलतात त्या मात्र काही तासांत, दिवसांत किंवा महिन्यांत ओळखू येणार नाहीत इतक्या बदलतात. अशा बदलाची बातमी कॅमेरा देतो, पण काय बदलले आणि का, हे वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरवलेला प्रकाश, सांगतो. लाखो वर्णपट घेणाऱ्या सर्वेक्षणांमधून हे बदल घडत असतानाच कसे टिपले जातात, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

छायाचित्रांवरून बदल दिसतोच. मग वर्णपटाची गरज का भासते?

दोन रात्रींची छायाचित्रे एकमेकांतून वजा केली की नवा प्रकाशबिंदू उठून दिसतो. पण त्यातून हाती येते ती फक्त तेजस्विता, म्हणजे एक आकडा. एखाद्या दीर्घिकेच्या गाभ्याजवळ काल नसलेला प्रकाश आज दिसला, तर तो अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन फुटलेला तारा, असू शकतो, तिथल्या महाकाय कृष्णविवराने एखादा तारा फाडल्याचा परिणाम असू शकतो, कृष्णविवराभोवतीच्या वायूच्या चकतीत खळबळ माजलेली असू शकते, किंवा आपल्याच आकाशगंगेतला एखादा तारा योगायोगाने त्याच दिशेला असून तो उफाळलेला असू शकतो. या चारही घटनांत पहिल्या काही रात्री तेजस्वितेचा आलेख चढताच असतो आणि केवळ त्या चढावरून त्यांच्यात फरक करणे अवघड जाते.

तोच प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवला की चित्र स्पष्ट होते. समजा, वर्णपटात ६१२ नॅनोमीटरच्या आसपास एक रुंद, खोल खड्डा दिसला. सिलिकॉनच्या आयनाची शोषणरेषा प्रयोगशाळेत ६३५.५ नॅनोमीटरला असते. ती इतकी निळ्या बाजूला सरकलेली असेल, तर सिलिकॉनयुक्त वायू सेकंदाला सुमारे ११,००० किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने येत आहे. हे ‘प्रकार १ अ’ अतिनवताऱ्याचे, म्हणजे स्फोट होऊन पूर्णपणे उधळलेल्या श्वेत बटू ताऱ्याचे (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या लहान, दाट गाभ्याचे) लक्षण आहे. तिथे हायड्रोजनच्या रुंद रेषा दिसल्या, तर तो आपला हायड्रोजनचा थर शाबूत असताना कोसळलेला प्रचंड वस्तुमानाचा तारा असतो. ही मूळ विभागणी रुडॉल्फ मिंकोव्स्की यांनी १९४१ साली केली. हायड्रोजनच्या रेषा मुळीच सरकलेल्या नसतील, तर स्रोत आपल्याच आकाशगंगेतला आहे. आणि अतिशय उष्ण, निळसर प्रकाशावर हेलियम व हायड्रोजनच्या रुंद उत्सर्जनरेषा असतील, तर फाटलेल्या ताऱ्याची शक्यता तपासावी लागते.

नाव देण्याच्या पद्धतीतही हा फरक पाळला जातो. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या नोंदणी व्यवस्थेत नव्या स्रोताला आधी ‘एटी’ हे उपपद मिळते आणि वर्णपटाने अतिनवतारा असल्याची खात्री झाल्यावरच ते ‘एसएन’ होते. नोंदल्या जाणाऱ्या स्रोतांपैकी साधारण दहांत एकालाच असा वर्णपट मिळतो. या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ या एका प्रमाणात आहे.

वर्णपट सर्वेक्षण म्हणजे काय? एका वेळी हजारो वर्णपट कसे मिळतात?

न्यू मेक्सिकोतील अपाची पॉइंट वेधशाळेच्या २.५ मीटर दुर्बिणीवर २००० साली सुरू झालेल्या स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या प्रकल्पात आकाशाच्या प्रत्येक तुकड्यासाठी ॲल्युमिनियमची एक चकती बनवली जाई. निवडलेल्या दीर्घिकांच्या नेमक्या जागी तिला भोके पाडली जात आणि दिवसा कर्मचारी एकेका भोकात एकेक ऑप्टिकल फायबर हाताने खोचत. रात्री प्रत्येक तंतू आपापल्या दीर्घिकेचा प्रकाश वर्णपटमापकापर्यंत नेई. सुरुवातीला असे ६४० तंतू होते, पुढे ते १,००० झाले. भोके बऱ्याच आधी पाडून ठेवावी लागत असल्यामुळे काल रात्री उजळलेल्या स्रोतावर आज तंतू लावणे या पद्धतीत शक्य नव्हते.

हा अडसर यंत्रमानवी तंतूंनी दूर केला. ॲरिझोनातील किट पीक येथील ४ मीटर मेयॉल दुर्बिणीवरच्या ‘डेसी’ या उपकरणात ५,००० तंतू आहेत आणि प्रत्येकाला स्वतःची छोटी मोटरयंत्रणा आहे. सुमारे दोन मिनिटांत सगळे तंतू नव्या जागी सरकतात, तेही काही मायक्रॉनच्या अचूकतेने. प्रकाश जवळपास ५० मीटर लांबीच्या तंतूंमधून दहा वर्णपटमापकांकडे जातो आणि ३६० ते ९८० नॅनोमीटर एवढा पट्टा एकाच वेळी नोंदवला जातो. चांगल्या रात्री या एका दुर्बिणीतून लाखभर दीर्घिकांचे वर्णपट मिळू शकतात. स्लोन प्रकल्पानेही आपल्या पाचव्या टप्प्यात चकत्या सोडून अपाची पॉइंट आणि चिलीतील लास कंपानास अशा दोन्ही ठिकाणी प्रत्येकी ५०० यंत्रमानवी तंतू बसवले आहेत.

सर्वेक्षण एका दीर्घिकेचा वर्णपट एकदाच घेते. मग बदल कळणार कसा?

या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. बदल ओळखण्यासाठी दोन नोंदी लागतात हे खरे. पण त्यांतली एक नोंद ज्ञानाच्या स्वरूपात आधीच आपल्याकडे असू शकते.

दीर्घिकेचा वर्णपट कसा असतो, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. अब्जावधी ताऱ्यांच्या प्रकाशाची बेरीज आणि तिच्यावर वायूंच्या अरुंद रेषा, एवढाच तो असतो. काही मूळ नमुन्यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करून जवळपास कोणत्याही सामान्य दीर्घिकेचा वर्णपट उभा करता येतो. निरीक्षणातून हे मिश्रण वजा केले की उरतो तो गोंगाट. मात्र तंतू लावला त्याच आठवड्यात त्या दीर्घिकेत तारा फुटला असेल, तर गोंगाटाऐवजी दहा-वीस नॅनोमीटर रुंदीचे उंचवटे आणि खड्डे शिल्लक राहतात. सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पसरणाऱ्या वायूशिवाय इतक्या रुंद खुणा दुसऱ्या फारशा कशाने उमटत नाहीत.

ही पद्धत स्लोनच्या आकडेवारीवर पारखली गेली. २००३ साली सुमारे १ लाख वर्णपटांतून ‘प्रकार १ अ’चे १९ अतिनवतारे सापडले. २०१३ साली ओर ग्राउर आणि डॅन माओझ यांनी सुमारे ७ लाख वर्णपट चाळून याच प्रकारचे ९० अतिनवतारे शोधले. म्हणजे साधारण आठ हजार दीर्घिकांमागे एक. दीर्घिका मोजण्यासाठी घेतलेल्या वर्णपटांत कोणाच्याही ध्यानीमनी नसलेले नव्वद स्फोट पडून होते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. परंतु ते सापडले तेव्हा ते विझून अनेक वर्षे लोटली होती. त्यांच्यावर दुसरी दुर्बीण रोखता आली नाही, दुसरा वर्णपट घेता आला नाही. त्यांची संख्या मोजून अतिनवताऱ्यांचा दर काढता आला आणि ते मोलाचे काम होते. पण त्यांतला एखादा स्फोट असाधारण असता, तर तो हातचा गेला असता. म्हणूनच हीच वजाबाकी त्याच रात्री करण्याचा आग्रह धरला जातो.

दुसरा मार्ग जुन्या वर्णपटाशी तुलना करण्याचा आहे. एकाच भागात दोन सर्वेक्षणे होऊन गेली असतील, तर नवा वर्णपट हाती येताच जुना समोर ठेवता येतो. स्लोनच्या पंचवीस वर्षांच्या संग्रहाचे खरे महत्त्व आता कळते आहे. तिसरा मार्ग कमी चर्चेत असतो. स्लोनमध्ये एक वर्णपट साधारण पंधरा-पंधरा मिनिटांच्या निदान तीन नोंदी जोडून तयार होई. या नोंदी सुट्या पाहिल्या, तर पंधरा मिनिटांत सरकलेली रेषाही पकडता येते, आणि एकमेकांभोवती वेगाने फिरणाऱ्या श्वेत बटूंच्या जोड्या याच युक्तीने सापडल्या आहेत.

टेक्सासमधील हॉबी-एबर्ली दुर्बिणीवरचे ‘हेटडेक्स’ सर्वेक्षण या सगळ्यांहून निराळे आहे. तिथे लक्ष्य निवडलेच जात नाही; सुमारे ३५ हजार तंतूंच्या जुड्या आकाशावर रोखल्या जातात आणि त्यांत जे येईल त्याचा वर्णपट मिळतो. त्यात आलेले अतिनवतारेही शोधले गेले आहेत.

डेसीसारख्या उपकरणात स्लोनच्याच प्रमाणात अतिनवतारे सापडतील का?

तसे गृहीत धरता येत नाही. स्लोनच्या सुरुवातीच्या तंतूंचा व्यास आकाशात ३ विकलांएवढा (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) होता, डेसीच्या तंतूचा सुमारे १.५ विकला आहे. जवळच्या दीर्घिकेचा गाभाच फक्त अशा तंतूत येतो आणि बाहेरच्या बाहूत फुटलेला तारा निसटतो. शिवाय प्रत्येक वर्णपटाची स्पष्टता आणि दीर्घिकांची निवड वेगळी असते.

‘तत्काळ’ म्हणजे नेमके किती लवकर?

हे त्या घटनेवर अवलंबून असते. तरुण अतिनवताऱ्यासाठी तास मोजावे लागतात. एसएन २०१३ एफएस या अतिनवताऱ्याचे वर्णपट स्फोटानंतर अवघ्या सहा तासांपासून हवाईतील केक दुर्बिणीने घेतले, आणि त्यांत अतितप्त वायूच्या अरुंद उत्सर्जनरेषा दिसल्या. मृत्यूच्या आधीच्या वर्षभरात त्या ताऱ्याने स्वतःभोवती वायूचे दाट कवच टाकले होते आणि स्फोटाच्या लखलखाटाने ते क्षणभर उजळले होते. पुढे स्फोटाचा मलबा त्या कवचावर आदळून पलीकडे गेला आणि खुणा पुसल्या गेल्या. आठवडाभर उशीर झाला असता, तर वर्णपट अगदी नेहमीच्या अतिनवताऱ्याचा दिसला असता आणि तारा मरणापूर्वी अस्वस्थ होता, हे कळलेच नसते. १९ मे २०२३ रोजी जपानमधील हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी एम १०१ या दीर्घिकेत शोधलेल्या एसएन २०२३ आयएक्सएफच्या बाबतीत जगभरच्या दुर्बिणी वेळेवर वळल्या, आणि त्याही ताऱ्याभोवती असेच कवच आढळले.

सामान्य अतिनवताऱ्यासाठी दोन-चार दिवस चालतात. क्वासारच्या, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या, बदलाला महिने मिळतात. त्यामुळे रात्री घेतलेला वर्णपट सकाळपर्यंत तपासून होणे ही बहुतेक सर्वेक्षणांसाठी पुरेशी मर्यादा आहे. डेसीची आकडेवारी कॅलिफोर्नियातील बर्कली प्रयोगशाळेच्या महासंगणकावर जाते आणि प्राथमिक प्रक्रिया होऊन दुसऱ्या दिवशीच वर्णपट व ताम्रसृती (प्रकाश लाल बाजूला किती सरकला याचे माप, ज्यावरून अंतर कळते) तयार असतात. बदलाचा शोध याच टप्प्याला जोडला की वेगळी दुर्बीण लागत नाही आणि निरीक्षणाचा एकही मिनिट जास्तीचा खर्च होत नाही.

‘रूप बदलणारे क्वासार’ म्हणजे काय? त्यांच्यासाठी वर्णपट सर्वेक्षणच का लागते?

सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रात महाकाय कृष्णविवराभोवती वायूची तप्त चकती असते. चकतीजवळचा वायू वेगाने फिरत असल्यामुळे त्याच्या हायड्रोजनरेषा रुंद असतात, आणि शेकडो प्रकाशवर्षे दूरच्या संथ वायूच्या रेषा अरुंद असतात. काही केंद्रांत दोन्ही दिसतात, काहींत फक्त अरुंद. आपण त्या केंद्राकडे कोणत्या कोनातून पाहतो आणि मध्ये धूळ येते का, यावर हे ठरते, असे दीर्घकाळ मानले गेले. कोन तर आपल्या आयुष्यात बदलणार नाही. म्हणून एका प्रकारचे केंद्र दुसऱ्या प्रकारचे होणे अपवादात्मक समजले जाई.

२०१५ साली स्टेफनी लामासा आणि सहकाऱ्यांनी स्लोनच्या दोन वर्णपटांची तुलना प्रसिद्ध केली. ०.३१ ताम्रसृतीच्या एका क्वासारच्या २००० सालच्या वर्णपटात हायड्रोजनची रुंद रेषा ठळक होती. २०१० सालच्या वर्णपटात हायड्रोजन-बीटाची रुंद रेषा नाहीशी झाली होती आणि निळा प्रकाश मंदावला होता. त्यानंतर अशा क्वासारांची शोधमोहीमच सुरू झाली. स्लोनच्या पाचव्या टप्प्याच्या पहिल्या वर्षातील वर्णपट जुन्या संग्रहाशी ताडून ११६ रूप बदलणारी केंद्रे ओळखली गेली आणि त्यांतली १०७ पूर्वी माहीत नव्हती.

परंतु दहा वर्षांच्या अंतराने घेतलेले दोन वर्णपट फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’ दाखवतात. मधल्या काळाबद्दल ते काही सांगत नाहीत. ती उणीव १ईएस १९२७+६५४ या केंद्राने काही अंशी भरून काढली. २०१७ च्या डिसेंबरपासून ते उजळू लागले, २०१८ च्या मार्चमध्ये ‘असासिन’ या आकाशसर्वेक्षणाच्या ते लक्षात आले आणि मग वर्णपटांमागून वर्णपट घेतले गेले. आधी नुसताच निळा प्रकाश वाढला होता. रुंद हायड्रोजनरेषा तेजस्वितेच्या शिखरानंतर एक ते तीन महिन्यांनी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उगवल्या. चकतीचा प्रकाश रुंद रेषांच्या वायूपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ या विलंबाशी जोडता येतो. पुढे त्याच केंद्राचे क्ष-किरण काही काळ जवळजवळ लोपले आणि पुन्हा परतले.

सैद्धांतिक अडचण यात अशी आहे की नेहमीच्या गणितानुसार अशा चकतीत मोठा बदल व्हायला हजारो वर्षे लागावीत, आणि प्रत्यक्षात तो महिन्यांत होतो आहे. ही तफावत सोडवायची, तर बदल सुरू होतानाचे वर्णपट हवेत, आणि ते मिळवायचे, तर जुन्या-नव्या वर्णपटांची तुलना रोज आपोआप झाली पाहिजे. सुमारे ३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एसडीएसएस १३३५+०७२८ या शांत दीर्घिकेचे केंद्र २०१९ च्या अखेरीस जागे झाले, तेव्हा ती पूर्वी खरोखरच शांत होती हे ठामपणे सांगता आले, ते तिचा जुना वर्णपट स्लोनच्या संग्रहात असल्यामुळे. २०२४ पासून त्याच केंद्रातून साधारण साडेचार दिवसांच्या अंतराने क्ष-किरणांचे उद्रेक होताना दिसले आहेत.

दिसलेला बदल खरा आहे की उपकरणाचा दोष, हे कसे ठरवतात?

या कामातला बराचसा वेळ याच प्रश्नात जातो आणि तो जायलाच हवा. तंतू लक्ष्यापासून विकलेच्या काही अंशाने सरकला, त्या रात्री वातावरण अस्थिर असले किंवा तंतूचे टोक नीट बसले नाही, तर कमी प्रकाश आत जातो आणि वस्तू मंदावल्याचा भास होतो. वातावरण निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा अधिक वळवते. त्यामुळे तंतू लाल प्रतिमेवर नेमका असूनही निळा प्रकाश बाहेर सांडू शकतो. स्लोनच्या एका टप्प्यात क्वासारांसाठीचे तंतू मुद्दाम निळ्या प्रकाशाला अनुकूल असे सरकवले होते. तेव्हाच्या अभ्यासासाठी ते योग्यच होते, पण नंतर त्या वर्णपटांची इतरांशी तुलना करणाऱ्याने ही दुरुस्ती केली नाही, तर क्वासार निळा झाल्याचा खोटा शोध लागतो. याशिवाय संवेदकावर आदळणारे विश्वकिरण उत्सर्जनरेषेसारखे टोक उमटवतात आणि आकाशाची स्वतःची चमक वजा करताना लाल टोकाला अवशेष उरतात.

सक्रिय केंद्रांच्या बाबतीत एक सुंदर कसोटी वापरली जाते. दुहेरी आयनित ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची अरुंद रेषा ज्या वायूतून येते, तो शेकडो प्रकाशवर्षे पसरलेला असतो; त्यामुळे दहा-वीस वर्षांत त्या रेषेची तीव्रता सहसा बदलत नाही. दोन्ही वर्णपट ही रेषा समान होईल अशा प्रमाणात जुळवून घ्यायचे. त्यानंतरही हायड्रोजनची रुंद रेषा कमी भरली, तर बदल केंद्रात झालेला आहे. ऑक्सिजनची रेषाही त्याच प्रमाणात घटलेली असेल, तर संशय तंतूवर घ्यायचा. याच्या जोडीला त्याच काळातील छायाचित्रांतली तेजस्विता तपासली जाते. एकाच वर्णपटावर विसंबून रूपबदल जाहीर करणे मला घाईचे वाटते. दुसऱ्या दुर्बिणीचा एक दुजोरा तरी हवाच.

हे सगळे संगणक आपोआप करू शकतो का?

बराचसा भाग करू शकतो. पॅलोमार वेधशाळेतील ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’ म्हणजे झेडटीएफ २०१८ पासून १.२ मीटर दुर्बिणीवरच्या ४७ चौरस अंश क्षेत्राच्या कॅमेऱ्याने उत्तरेचे आकाश सतत धुंडाळते. शेजारच्या दीड मीटर दुर्बिणीवर ‘एसईडी मशीन’ नावाचा वर्णपटमापक आहे. त्याचे वर्णपट फारसे बारीक नसतात, पण अतिनवताऱ्याच्या रुंद खुणांना तेवढे पुरते. २०२१ पासून ‘एसएनआयएस्कोर’ ही संगणकप्रणाली या वर्णपटांतले ‘प्रकार १ अ’ अतिनवतारे स्वतः ओळखू लागली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘बीटीएसबॉट’ या प्रणालीने एसएन २०२३ टीवायके हा अतिनवतारा छायाचित्रांतून निवडला, वर्णपटाची मागणी नोंदवली, वर्णपट आला, त्याचे वर्गीकरण झाले आणि निष्कर्ष जाहीरही झाला; या साखळीत माणसाचा हात लागला नाही. झेडटीएफच्या तेजस्वी स्रोतांच्या सर्वेक्षणाने २०२४ च्या अखेरीपर्यंत १०,००० हून अधिक अतिनवताऱ्यांचे वर्गीकरण पूर्ण केले.

झेडटीएफचे आणि तिच्या आधीच्या ‘पॅलोमार ट्रान्झियंट फॅक्टरी’चे नेतृत्व कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णी यांनी केले, आणि तिच्या मशीन लर्निंगच्या कामात आशीष महाबळ यांचा वाटा आहे, हे मराठी वाचकांना ठाऊक असायला हवे.

मात्र संगणक ज्या नमुन्यांवर शिकतो, तेच तो ओळखतो. नेहमीच्या अतिनवताऱ्यांचा ढीग त्याने उपसावा आणि कोणत्याही साच्यात न बसणारा वर्णपट तातडीने माणसासमोर आणावा, ही वाटणी मला योग्य वाटते. न बसणारा वर्णपट ‘सदोष’ म्हणून बाजूला टाकणारी प्रणाली कितीही वेगवान असली, तरी या विषयाचे नुकसानच करील.

रुबिन वेधशाळा सुरू झाल्यावर काय बदलणार आहे?

चिलीतील सेरो पाचोन येथील वेरा रुबिन वेधशाळेने २३ जून २०२५ रोजी पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. ८.४ मीटरचा आरसा आणि ३.२ अब्ज चित्रघटकांचा कॅमेरा यांच्या साहाय्याने ती दक्षिणेचे आकाश दहा वर्षे पुन्हा पुन्हा टिपणार आहे. बदल दिसताच मिनिटभरात सूचना पाठवायची आणि एका रात्रीत अशा १ कोटीपर्यंत सूचना निघतील, अशी तिची रचना आहे. त्या सूचना चाळण्यासाठी चिलीची ‘अलेर्से’, फ्रान्सची ‘फिंक’, ब्रिटनची ‘लसेअर’ अशा मध्यस्थ प्रणाली उभ्या आहेत.

पंगत मोठी आणि वाढपी मोजके, अशी यापुढची स्थिती असेल. यावरचा मला सर्वांत आशादायक वाटणारा मार्ग ‘फोरमोस्ट’ या उपकरणाचा आहे. चिलीतीलच पारानाल येथील ४.१ मीटर व्हिस्टा दुर्बिणीवर २,४३६ तंतूंचे हे उपकरण बसवले असून २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने पहिला प्रकाश टिपला. त्यातील ‘टायडीज’ या सर्वेक्षणाची कल्पना साधी आहे. दुर्बीण कुठल्याही कारणाने आकाशाच्या ज्या भागाकडे वळलेली असेल, त्या भागात त्या वेळी जिवंत, म्हणजे अजून उजळलेले, दोन-तीन क्षणिक स्रोत असतातच. हजारो तंतूंपैकी दोन-तीन त्यांच्यावर ठेवायचे आणि बाकीचे ठरलेल्या कामाला लावायचे. क्षणिक स्रोतासाठी दुर्बीण वेगळी वळवावी लागत नाही. पाच वर्षांत अशा ३०,००० हून अधिक जिवंत स्रोतांचे वर्णपट मिळवण्याचे उद्दिष्ट आहे. एका रात्रीच्या सूचनांपुढेही हा आकडा लहान दिसतो. पण त्या सूचनांत बदलणारे तारे आणि लघुग्रह फार मोठ्या संख्येने असतात, हे विसरून चालणार नाही.

कृष्णविवराने फाडलेल्या ताऱ्याच्या खुणा उशिराने सापडू शकतात का?

काही वेळा सापडतात. ताऱ्याच्या अवशेषांतून निघालेले तीव्र किरण आसपासच्या वायूवर पडले की लोहाच्या अणूतून नऊ किंवा त्याहून अधिक इलेक्ट्रॉन सुटतात आणि सूर्याच्या प्रभामंडलात दिसणाऱ्या ६३७.५ किंवा ५३०.३ नॅनोमीटरच्या रेषा तिथे उमटतात. स्लोनच्या संग्रहात अशा रेषांच्या सात दीर्घिका २०१२ साली एकत्र नोंदल्या गेल्या, आणि काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पाहिल्यावर त्यांतल्या काहींत या रेषा मंदावल्या किंवा नाहीशा झाल्या होत्या. कायम सक्रिय असलेल्या केंद्रात असे होणे अपेक्षित नाही.

गुरुत्वीय लहरींशी याचा काय संबंध?

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे (कोसळलेल्या ताऱ्यांचे अतिदाट गाभे) एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातले कंप, पृथ्वीवर आल्या आणि अकरा तासांच्या आत एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा प्रकाश सापडला. पहिल्या दिवशी तो निळा होता, काही दिवसांत लाल झाला, आणि त्याच्या वर्णपटांत पुढे स्ट्रॉन्शियमची खूण ओळखली गेली. जड मूलद्रव्ये अशा टकरीत घडतात, याचा हा थेट पुरावा होता. लहरींवरून स्रोताची जागा ठोकळमानाने कळते आणि त्या पट्ट्यात असंबद्ध अतिनवतारेही असतात. त्यांना झटपट वगळणे हे वर्णपटाचे काम आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभा राहणार असलेला लायगो-इंडिया हा गुरुत्वीय लहरींचा शोधक कार्यरत झाला की जागा अधिक नेमकी कळेल आणि शोधायचा पट्टा लहान होईल.

भारतातून या कामात कोणत्या दुर्बिणी आहेत?

लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर २ मीटर हिमालयीन चंद्रा दुर्बीण आहे आणि ती बंगळूरुजवळच्या होसकोटे येथून उपग्रहामार्फत चालवली जाते. एसएन २०२३ आयएक्सएफच्या वर्णपटांत तिचे मोठे योगदान आहे. तिच्या शेजारी आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांची ०.७ मीटरची स्वयंचलित ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण आहे. ती वर्णपट घेत नाही, पण बदल टिपण्यात आणि उजळण्याचा मागोवा ठेवण्यात ती तरबेज आहे. नैनितालजवळ देवस्थळ येथे ३.६ मीटर दुर्बीण आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटर दुर्बीण आंबेगाव तालुक्यात गिरावली येथे आहे, आणि दक्षिण आफ्रिकेतील मोठ्या ‘सॉल्ट’ दुर्बिणीतही आयुका भागीदार आहे. रेखांशाचा फायदा येथे फार मोठा आहे: अमेरिकेत दिवस असताना हानलेत रात्र असते, त्यामुळे तासातासाला बदलणाऱ्या स्रोताच्या नोंदीत पडणारी पोकळी भारतातून भरता येते.

ज्या स्रोताला वर्णपट मिळालाच नाही, त्याचे काय होते?

त्याचे ‘एटी’ हे उपपद तसेच राहते. तेजस्वितेच्या आलेखावरून त्याचा प्रकार संभाव्यतेच्या भाषेत सांगितला जातो आणि विश्वाच्या प्रसरणाच्या मोजणीत असे अनेक ‘संभाव्य’ अतिनवतारे एकत्र वापरताही येतात. त्यासाठी निदान अंतर कळावे लागते. ते यजमान दीर्घिकेच्या ताम्रसृतीवरून नंतर कधीही काढता येते, कारण दीर्घिका जागची हलत नाही. टायडीज सर्वेक्षणाचा दुसरा भाग म्हणजे नेमके हेच काम आहे: स्फोट विझल्यानंतर त्यांच्या यजमान दीर्घिकांवर तंतू ठेवणे. स्फोट झालेल्या ताऱ्यात कोणती मूलद्रव्ये होती, ती किती वेगाने फेकली गेली आणि त्याच्याभोवती कवच होते की नाही, हे मात्र त्या मार्गाने कळत नाही. ते तारा उजळलेला असतानाच्या वर्णपटातूनच कळते.